एकेचाळीस नग

तुम्ही चोर आहात. आडून बोलायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. चपला दाराबाहेर काढल्यात, गळ्यातली ओळखपत्रं सरळ केलीत, पाणी मागून प्यायलात, आणि नजर विझत चाललेल्या एका म्हातारीचं घर दोन खोक्यांत भरून घेऊन गेलात. पावती दिलीत. पावती फाडली की चोरीला दुसरं नाव मिळतं, हे तुम्हाला शिकवलं कोणी? तुमचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्या भिंतीवर तुमची पांढरी चकती आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि चकतीला तर सगळंच ठाऊक असतं. तुम्ही फोन विकलेत, नकाशे विकलेत, लोकांच्या पत्रांत डोकं घातलंत. तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून आता दिव्याच्या बटणापर्यंत आलात. मी या घरातला धाकटा; त्या दुपारी इथं नव्हतो, पण काय झालं ते घरच्यांकडून ऐकलंय, तेच लिहून ठेवतो. वाचा.

टॅक्सी दाराशी थांबली तेव्हा साडेतीन झाले होते. डोळ्यांच्या दवाखान्यात दोन दिवस काढून आई परत येत होती. तिला मधलं दिसत नसे. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक धुरकट वाटोळं, आणि त्याच्याभोवती कानाच्या पाळ्या, केसांच्या बटा, खांदे. जग तिला कडेकडेनं भेटायला यायचं. "मध्ये कोणीतरी काचेवर फुंकर मारून ठेवलीय," ती म्हणायची, "पुसली की परत मारतंय मेलं." डॉक्टरांनी सुई टोचून एवढंच सांगितलं होतं, की आहे ते काही दिवस टिकेल.

थोरल्यानं फोनवर बोट टेकवलं आणि कुलूप आपलं आपण उघडलं.

"बघ आई. किल्ली नको."

"हरवली का?"

"हरवली नाही गं. लागतच नाही आता."

सुनेनं तिचा हात धरून तिला आत घेतलं. एक पाऊल आत पडलं आणि आई थांबली. जिना संपला हे लक्षात न येता माणूस आणखी एक पायरी चढू बघतो, तसा तिचा तोल कुठल्या तरी नसलेल्या गोष्टीवर गेला.

"वीज गेलीय का रे?"

"नाही आई," सून म्हणाली. "दिवा लागलाय की. तुम्ही आलात म्हणून लागला."

"मग वाजलं का नाही?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पिशवीतल्या औषधांकडे पाहिलं.

या घरात चाळीस वर्षं दारातून माणूस गेला की काहीतरी वाजायचं. बाप वायरमन होता. सगळे त्याला खटकामिस्त्री म्हणायचे. त्यानं प्रत्येक दारात, जिन्यात, माडीवर रिले, म्हणजे विजेचे आपोआप पडणारे खटके, बसवले होते. पाऊल पडलं की रिलेची पत्ती खाली यायची, कट्. दिवस असो की रात्र, पत्ती पडायचीच. दिवा लावायचा की नाही ते मग एक वेगळी पेटी ठरवायची. असे एकेचाळीस. आणि एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही, कारण मिस्त्री हट्टी होता. एक सागाच्या फळीवर ठोकला, एक पत्र्याच्या डब्यात, एक बुटाच्या जुन्या तळव्यावर. कुठला रिले बिघडला ते उठून बघायला लागू नये, जेवताजेवता कानानं कळावं, म्हणून. प्रत्येकाला त्यानं नाव दिलं, ते खोलीचं नाही, आवाजाचं. दारातला तो टाळी. जिन्यातला बोटं. स्वयंपाकघरातला चमचा. न्हाणीघरातला खोकला, कारण त्याची पत्ती दोनदा पडायची. मागच्या अडगळीच्या खोलीतला नमद्यावर, जाड लोकरीच्या तुकड्यावर, बसवलेला, तो नुसता उसासा टाकायचा. आणि पलंगाशेजारचा गुपित. तो कसा वाजायचा हे पोरांना कधी कळलं नाही. आईबाप आत गेले की दार लागलेलं असायचं.

लग्न होऊन आली तेव्हा आई या आवाजांना वैतागली होती. "घर आहे की टाइपरायटर?" ती म्हणायची. मिस्त्री म्हणायचा, "नको असेल तर सांग, काढतो." तिनं सांगितलं नाही. मिस्त्री गेला. मग नजर जायला लागली. आणि जे कानाला टोचायचं त्याचाच तिनं हळूहळू एक डोळा करून घेतला. खुर्चीत बसल्याबसल्या घर तिच्यापुढे चालायचं. टाळी, आता कोणी आलं. बोटं, जिना चढलं. चमचा, पाणी प्यायला गेलं. कोण आहे ते दोन आवाजांमधल्या अंतरावरून कळायचं, कारण थोरला ढांगा टाकतो आणि सून पाय ओढते.

आता ती उंबऱ्याच्या आत उभी होती आणि पुढे घर नव्हतं. पाणी होतं. शांत, सपाट, दुसऱ्या काठाचा पत्ता नसलेलं पाणी.

"माझी खुर्ची कुठंय?"

"आहे ना. जरा भिंतीकडे सरकवलीय, फोटोसाठी," थोरला म्हणाला. "आई, ऐक. तुला सांगणारच होतो. घर सगळं नवीन केलंय. कंपनीचं. तू नुसतं तोंडानं सांगायचं, पंखा लाव, पडदा ओढ. तुला उठायलाच नको."

"मी उठत होते ते तुला खुपत होतं?"

"असं कुठं म्हणालो मी?"

तो खुर्ची आणायला गेला. नव्या वायरचा, प्लास्टिकचा, कुठल्याही दुकानासारखा वास आला. खुर्ची उचलताना त्याला आपले हात बापासारखे दिसले आणि त्यानं ते पटकन खुर्चीच्या पाठीमागे लपवल्यासारखे केले. बापामागे बापाचा रिलेंचा छोटा कारखाना त्यानं चालवला होता. रिलेच्या पेट्यांवर त्यानं आणि बहिणीनं मिळून घरं आपोआप चालवायचा धंदा उभा केला, लोक लांबून बोलवायचे. मग दुकानांतून तुमच्या चकत्या आल्या. काडेपेटीएवढ्या, पांढऱ्या, सांगितलेलं ऐकून खटका न करता दिवा लावणाऱ्या. कोणी जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं की ओशाळून म्हणायचं, मुलानं आणलं हो, आम्ही काही मागवलं नव्हतं. सात कामगार सकाळी येऊन बाकांवर बसायचे आणि घासलेल्याच पत्त्या पुन्हा घासायचे. तेव्हा तुमचं पत्र आलं. तुम्ही आमचे अधिकृत बसवणारे व्हा. पहिलं काम स्वतःच्या घराचं, नमुन्याचं. घर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी समाधानपत्रावर सही करायची. सही झाली की कारखान्यावर तुमची पाटी. नाही झाली तर पाटी दुसऱ्याच्या दारावर. घर आईच्या नावावर होतं. पाच वाजता तुमची बाई फोटोवाल्याला घेऊन येणार होती.

आई खुर्चीत बसली. हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून ती ऐकत राहिली.

"कोण कोण आहे घरात?"

"आम्हीच दोघं," सून म्हणाली. "ताई येतायत कारखान्यातून."

"तू कुठनं बोलतेस?"

"तुमच्या समोरून."

"हो का?" आईनं मान वळवून तिला कडेनं शोधलं. खांदा सापडला. "मला वाटलं खिडकीशी आहेस."

सुनेला राग आला, आणि तो आतल्या आत गिळायची तिची पद्धत नव्हती. "आई, मी स्पष्ट बोलते. मला हे हवं होतं. गेल्या वर्षी न्हाणीघरात तुम्ही पडलात तेव्हा मी गच्चीवर होते. मला कळलं कधी? खाली आल्यावर. तो तुमचा खोकला नुसता वाजला, त्यानं मला हाक मारली नाही. आता तुम्ही पडलात तर माझा फोन ओरडेल. तीन वर्षं एक कान उघडा ठेवून झोपतेय मी. मला माझा कान परत हवाय."

"बरोबर आहे तुझं," आई म्हणाली.

भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं पाट सरकवून द्यावा तसं सुनेला झालं.

"तुझं बरोबर आहे गं. तुला तुझा कान मिळाला. माझा कुठं ठेवलात तेवढं सांगा."

दार उघडलं. आवाज नाही. ताई आत आली ते आईला कळलं तिच्या हातांवरून, त्यांना राळेचा आणि डाखाचा वास असायचा. ताई थोरल्याहून दोन वर्षांनी लहान. कारखान्यात रिलेच्या पत्त्यांना बाक द्यायचं काम तिचं. मिस्त्रीच्या कानाचा वारसा तिला मिळालेला.

"आलीस? कधी आलीस?"

"आत्ताच, आई."

"बघ, पोटची पोर आत येते नि मला विचारावं लागतं." आई हसली. हसणं कोरडं होतं. "कोणी काढले गं?"

ताईनं भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "कंपनीची माणसं..."

"मी काढले," ताई म्हणाली. "त्यांना जमत नव्हतं. पक्कड घालून उपटत होते, दादा, तू बघत होतास. मला बघवेना. मी म्हटलं, बाजूला व्हा. एकेक सोडवला. एकही पत्ती वाकू दिली नाही."

"आता हिचं ऐक," थोरला म्हणाला. "मला म्हणाली होतीस, काढू या, आईला सवय होईल. आता तूच साळसूद."

"म्हणाले होते. कारखान्यातल्या त्या सात जणांची तोंडं मी रोज बघते. तू केबिनमध्ये असतोस."

"केबिन कसली, फळी आहे ती."

"फळीच्या पलीकडे असतोस मग."

"भांडा," आई म्हणाली. "निदान कोण कुठं उभं आहे ते तरी कळतंय."

पडदे आपोआप अर्धे ओढले गेले, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. आईला फक्त एवढं जाणवलं, की खोलीच्या कडेवरचं सोनेरी पाणी एक हात मागे सरलं. काही न वाजता. जुन्या आल्बममधले फोटो ओले झाल्यावर त्यांचे रंग असेच सरकतात.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस आहेत ना?" तिनं विचारलं. "कुठं ठेवलेस?"

"दोन खोक्यांत. प्रत्येकाला चिठ्ठी लावलीय, बाबा लावायचे तशी. कारखान्यात नेणार होते काल, पण..." ताईचा आवाज बारीक झाला. "सकाळी येऊन बघते तर खोकी नाहीत. दादा म्हणाला, त्यांनी ठेवली असतील कुठंतरी."

"दादा म्हणाला," थोरला पुटपुटला.

पाचाला पाच कमी असताना तुमची बाई आली. पन्नाशीची, दमलेली, पायांत सपाट बूट, हातात टॅब्लेट. फोटोवाला तिच्यामागून तिपाई घेऊन आला आणि कोपऱ्यात मुकाट उभा राहिला. बाई वाईट नव्हती. ती नेहमी "आम्ही" म्हणायची, आणि प्रत्येक वेळी म्हणताना थोडी मागे सरायची.

"आजी, कसं वाटतंय नवीन घर?"

"कुठंय?"

बाई हसली, मग तिला कळलं की विनोद नव्हता.

"जुने रिले कुठे आहेत?" ताईनं विचारलं. "दोन खोकी होती."

बाईनं टॅब्लेटवर बोट फिरवलं. "काढलेली सामग्री. हो. आमच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे स्थान हा रकाना असतो. कुठल्या खोलीतून काढली ते. चिठ्ठीवर स्थान लिहिलेलं असेल तर वस्तू घरमालकाला परत. नसेल तर ती बेवारस धरून आम्ही उचलतो. आणि इथे..." ती थांबली. वाचताना तिचा चेहरा गोंधळला. "वस्तू, टाळी. नग एक. स्थान, नाही. वस्तू, खोकला. नग एक. स्थान, नाही. उसासा. गुपित. हे काय आहे?"

ताईनं तोंडावर हात धरला. मिस्त्रीच्या कारखान्यात स्थान कधी कोणी लिहिलंच नव्हतं. खोकला म्हटलं की न्हाणीघर, हे सांगावं लागतं असं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. एका ओळीचं काम. एकेचाळीस वेळा तिनं बापाच्या वळणदार अक्षरात तीच चूक केली होती.

"म्हणजे भंगारात?" थोरल्यानं विचारलं. त्याला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं त्यानं टाळलं होतं, पावती न वाचताच खिशात घातली होती, इतकंच.

"पुनर्वापर," बाई म्हणाली. "पण आजींना आवाज हवा असेल तर अडचण नाही. आमच्याकडे सहा आवाज आहेत. दारातून कोणी गेलं की वाजेल." तिनं बोट टेकवलं. कुठूनतरी एक गोड, ओला टिंग आला. काचेच्या मण्यासारखा. क्षणभर घर खरंच सुंदर झालं.

आईनं कान दिला. "छान आहे. हा कुठल्या खोलीचा?"

"सगळ्या."

"सगळ्या खोल्यांना एकच?"

"एका वेळी एकच निवडता येतो. आम्ही वर सुचवू."

"मी बघून येते," सून अचानक म्हणाली. कशाला ते तिचं तिलाही कळलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. टिंग. तिथून मागच्या बाजूला, अडगळीच्या खोलीत. टिंग. तिथं ती नेहमी ज्या उलट्या टोपलीवर बसायची तिच्यावर बसली, सवयीनं. बाहेरून आईची हाक आली.

"सूनबाई, जिन्यात काय करतेस?"

ती अडगळीत होती. जिना घराच्या दुसऱ्या टोकाला.

सून टोपलीवर बसून राहिली आणि तिच्या अंगावरून एक गोष्ट हळूहळू चालत गेली. सासऱ्यांच्या आजारपणात, पोटातलं मूल पडलं त्या वर्षी, नवऱ्याशी बोलणं बंद असलेल्या त्या लांबच लांब महिन्यांत ती इथे येऊन रडायची. आवाज न करता, पदराचा बोळा तोंडात धरून. आणि दर वेळी, पाच मिनिटं झाली न झाली तोच, बाहेरून हाक यायची. चहा टाक गं. दर वेळी. तिला वाटायचं, म्हातारीला नेमकी माझ्या रडण्याच्या वेळी तलफ येते. कितीदा शिव्या घातल्या होत्या मनात. तो नमद्यावरचा उसासा. म्हातारीला तलफ कधीच आलेली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा थोरला आईपुढे समाधानपत्र धरून उभा होता. टॅब्लेटवर नाही, कागदावर. म्हाताऱ्या माणसांसाठी तुम्ही कागद ठेवता, त्यांची बोटं काचेवर उमटत नाहीत म्हणून.

"आई, सही कर. रिलेचं बघू आपण. मी शब्द देतो. सात घरं आहेत गं यावर."

"नका करू, आई," सून म्हणाली.

थोरला वळला. "तू? अगं, तुलाच तर हवं होतं."

"मला अजूनही हवंय. न्हाणीघरातला तो फोन मला हवाय, तो राहू द्या. पण मी अडगळीत असताना यांनी मला जिन्यात शोधायला नको." तिनं पदराचा बोळा मुठीत आवळला आणि तिला स्वतःचाच राग आला. "अहो, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही त्या खोलीत कधी आलाच नाहीत."

थोरल्यानं कागद खाली केला. मग म्हणाला, "बाबांनी नुसतं स्थान लिहायची सवय लावली असती..."

"त्यांना ठाऊक होतं की," आई म्हणाली. "लिहायचं कोणासाठी? दे तो कागद."

"सही करतेस?"

"करते. मला खरंच करायचीय. सात जणं काही माझी परकी नाहीत, त्यातल्या तिघांना ह्यांनी हात धरून डाख द्यायला शिकवलं." तिनं पेन मागितलं. ताईनं तिचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. "पण आधी माझ्या पोरीनं एक चूक केलीय, ती दुरुस्त करू. ती यादी काढ गं, बाई. ताई, वाच."

ताईनं टॅब्लेट घेतला. "टाळी."

"बाहेरचं दार," आई म्हणाली.

"चमचा."

"स्वयंपाकघर."

"खोकला."

"न्हाणीघर."

टिंग वाजला, फोटोवाला कंटाळून उंबऱ्यात गेला होता. कोणी लक्ष दिलं नाही. उन्हाची पट्टी भिंतीवर चढत राहिली आणि घर एकेका शब्दानं परत येत राहिलं. बोटं, जिना. आईचा आवाज स्थिर होता. डोळे मिटलेले. ती बोलेल तशी ती खोली तिथं उभी राहत होती, दिवा लागल्यासारखी, आणि पुढचा शब्द येताच मागच्या खोलीत कोणीतरी चालू लागत होतं. उसाशापाशी ती क्षणभर थांबली, सुनेच्या दिशेनं वळली, या वेळी बरोबर दिशेनं, आणि म्हणाली, "मागची खोली." सर्वात शेवटी गुपित आला. ताईचं बोट काचेवर थांबलं.

"हे मी सांगणार नाही," आई म्हणाली. "माझी खोली, एवढंच लिही."

एकेचाळीस रकाने भरले. पन्नाशीच्या बाईनं एकदा डोळे टिपले आणि लगेच घड्याळ पाहिलं.

"झालं तुझं स्थान?" आईनं विचारलं. "आता बेवारस नाहीत ना?"

"नाहीत," बाई हळूच म्हणाली. "पण आजी, ती खोकी गेली. कुठल्या गोदामात, ते मला इथून दिसत नाही. वर विचारावं लागेल. आणि वर..." तिला पहिल्यांदाच "आम्ही" म्हणता आलं नाही. "वर कोण उचलेल ते मलाही माहीत नाही."

"लाव फोन."

फोन लागला. तिकडून गाणं वाजत राहिलं, थांबा, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. मग आईनं मान उचलून भिंतीकडे, त्या पांढऱ्या चकतीकडे वळवली, जी तिला दिसत नव्हती.

"आणि तू? दोन दिवस झाले तू सगळं ऐकतेयस. खोकी उचलताना ऐकलंस. माझे रिले कुठं नेले?"

चकतीत निळा प्रकाश फिरला. "माफ करा, मला याबद्दल माहिती मिळाली नाही. तुम्हाला जवळचं दुकान दाखवू का?"

थोरल्यानं खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसला. बसताना त्यानं मुद्दाम खुर्चीचा पाय जमिनीवर खरवडला, आपण कुठे आहोत ते तिला कळावं म्हणून. सून दुसऱ्या बाजूला, टेबलावर बोटांनी टकटक करत. ताईनं हातातला टॅब्लेट टेबलाच्या काठावर हलकेच आपटला. एकेक करून तिघंही तिच्या कडेवर उमटली.

आईनं पेनाचं टोक कागदावर टेकवून ठेवलं. शाईचा एक ठिपका पडला आणि मोठा होत गेला.

"सही इथंच आहे, पेनात," ती म्हणाली. फोन अजून गात होता, आणि ती त्या गाण्याच्या पलीकडे जो कोणी बसला असेल त्याच्याशी बोलत होती. "तुम्ही माझ्या घरातल्या एकेका वस्तूचं स्थान विचारलंत. सगळी सांगितली. आता माझा एकच रकाना राहिला, तो तुम्ही भरा. एकेचाळीस नग. आत्ता, या घटकेला, कुठं आहेत? मी बसलेय. बोला."